धान्याचा भाव कोणीं ठरवावा?

आठवड्याच्या बाजारांतून पिशवी भरून आई घरीं येते आणि पिशवी खालीं ठेवितां ठेवितां म्हणते, "काय ही महागाई!" त्याच दिवशीं, त्याच बाजारांत माल घालून दुसऱ्या एका घरचे वडील परत येतात आणि टोपी खुंटीला अडकवून म्हणतात, "यंदाही खर्च निघाला नाहीं." दोघांच्या तोंडीं वस्तु एकच आणि भावही एकच, एकाला तो चढा वाटतो, दुसऱ्याला पडेल वाटतो. आमच्या ह्या वार्षिकाच्या वाचकांत दोन्ही प्रकारचीं घरें आहेत, आणि कित्येक घरांत तर दोन्ही बोल एकाच छपराखालीं ऐकूं येतात. तेव्हां हा भाव ठरवितो कोण, आणि तो ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हे. तो चुलीचा आहे.

ह्या प्रश्नाला जगांत आजवर जीं निरनिराळीं उत्तरें देण्यांत आलीं, त्यांनाच पुढें मोठमोठीं नांवें मिळालीं. घेणाऱ्यानें व देणाऱ्यानें भाव आपसांत ठरवावा, सरकारनें मध्यें पडूं नये, असें म्हणणारे ते उदारमतवादी, म्हणजेच मुक्त व्यापाराचे पुरस्कर्ते. सर्वांच्या वतीनें सरकारनें तो ठरवावा, असें म्हणणारे समाजसत्तावादी; आणि जमीन, गिरणी, दुकान हीं सर्वच समाजाच्या मालकीचीं करावीं म्हणजे खासगी नफ्याची गोष्टच उरणार नाहीं, असें म्हणणारे साम्यवादी. राष्ट्राच्या सामर्थ्यापुढें घेणारा काय आणि देणारा काय, दोघेही गौण, असें मानणारा एक कडवा राष्ट्रवादही होऊन गेला. लहान माणसांनीं एकत्र येऊन स्वतःचेंच दुकान काढावें, हा सहकाराचा मार्ग. आणि धनवानानें आपण समाजाचे विश्वस्त आहों असें समजून वागावें, हा महात्मा गांधींचा मार्ग. हीं नांवें ऐकून विद्यार्थी बिचकतात आणि मोठीं माणसें त्यांवरून भांडतात. आम्ही येथें ह्या सर्व मतांना एकच कसोटी लावून पाहणार आहों. ती कसोटी धान्याची. कापड महागलें तर मनुष्य जुनें नेसून दिवस काढतो. धान्य मिळालें नाहीं तर तो मरतो. म्हणून कोणत्याही अर्थनीतीचा खरा कस दुष्काळांत लागतो.

प्रथम उदारमताचें म्हणणें नीट ऐकून घेऊं; कारण त्याविषयीं गैरसमज फार आहेत. ह्या मताचे आद्य आचार्य अॅडम स्मिथ हे स्कॉटलंडांतील ग्लासगो येथें नीतिशास्त्राचे प्राध्यापक होते. राष्ट्रांच्या संपत्तीची कारणें शोधणारा त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ १७७६ सालीं प्रकाशित झाला. धान्याच्या व्यापाऱ्याला लोक त्या काळींही शिव्याच देत असत. स्मिथनीं त्याची बाजू पुढीलप्रमाणें मांडली. समजा, यंदाचें पीक आठ महिनेच पुरेल इतकें आलें आहे आणि पुढचें पीक बारा महिन्यांनीं येणार आहे. भाव पूर्वीचाच राहिला तर लोक पूर्वीप्रमाणेंच खातील आणि आठव्या महिन्याच्या अखेरीस कोठारें रिकामीं होतील. परंतु भाव आरंभींच चढला, तर लोक पहिल्या दिवसापासून हात आंखडतात आणि तेंच धान्य पुढच्या पिकापर्यंत पुरतें. जहाजावर अन्न कमी आहे असें दिसतांच शहाणा कप्तान खलाशांचा शिधा आधींपासूनच कमी करितो; व्यापारी भाव चढवून तेंच काम करितो, असें स्मिथ म्हणतात. कप्तान तें विचारपूर्वक करितो, व्यापारी आपल्या लाभासाठीं करितो. परिणाम मात्र एकच होतो.

चढा भाव आणखी एक काम करितो. तो दूरच्या माणसाला निरोप पोंचवितो. एका जिल्ह्यांत पाऊस पडला नाहीं, हें शंभर कोसांवरच्या आडत्याला कोणीं पत्रानें कळविलें नाहीं तरी चालतें. तेथें ज्वारी महागली एवढें त्याच्या कानीं आलें, कीं तो आपलीं पोतीं तिकडे रवाना करितो. व्हिएन्ना येथें जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ फ्रीड्रिख हायेक ह्यांनीं १९४५ सालच्या एका निबंधांत ही गोष्ट कथिलाचें उदाहरण घेऊन समजाविली आहे. जगांत कोठें तरी कथिलाची खाण बंद पडली किंवा कथिलाचा नवा उपयोग निघाला. ह्यांपैकीं काय घडलें, हें तें वापरणाऱ्या हजारों लोकांना ठाऊक नसतें. त्यांना एवढेंच कळतें कीं भाव चढला. आणि तेवढ्यावरून सर्वजण तें काटकसरीनें वापरूं लागतात. कोणत्याही अधिकाऱ्याच्या टेबलावर जी माहिती कधींच एकत्र गोळा होऊं शकत नाहीं, ती भावाच्या एका आंकड्यांत सांठविलेली असते. ह्या अर्थानें भाव हा एक निरोप्या आहे. निरोप आवडला नाहीं म्हणून निरोप्याला मारूं नये, हें उदारमताचें सार होय.

हें मत धनिकांच्या सोयीसाठीं निघालें, असें पुष्कळांस वाटतें. इतिहास तसें सांगत नाहीं. १८१५ सालीं इंग्लंडच्या पार्लमेंटनें असा कायदा केला कीं, देशांतील गव्हाचा भाव दर क्वार्टरला ८० शिलिंगांपर्यंत चढल्यावांचून परदेशचा गहू बाजारांत येऊं देऊं नये. क्वार्टर हें तेथील धान्याचें एक मोठें माप होतें. पार्लमेंटांत जमीनदारांचें वजन मोठें होतें. गहू महाग राहण्यांत त्यांचा खंड वाढत होता आणि गिरणीमजुराच्या पोराच्या तोंडची भाकर लहान होत होती. ह्या कायद्याविरुद्ध मँचेस्टर शहरांत १८३९ सालीं एक संघ उभा राहिला. रिचर्ड कॉब्डेन आणि जॉन ब्राइट हे त्याचे पुढारी गांवोगांव व्याख्यानें देत हिंडले. स्वस्त भाकर आणि राष्ट्राराष्ट्रांत सलोखा, हीं त्यांचीं दोन मागणीं होतीं. शेवटीं १८४६ सालीं पंतप्रधान सर रॉबर्ट पील ह्यांनीं स्वतःच्याच पक्षाचा रोष पत्करून तो कायदा रद्द करविला आणि त्यापायीं लवकरच आपलें अधिकारपद गमाविलें. त्या लढ्यांत मुक्त व्यापार हा गरिबांचा पक्ष होता, हें विसरतां येत नाहीं. खुद्द स्मिथ हेही व्यापाऱ्यांचे भाट नव्हते. एका धंद्याचे लोक एकत्र जमले कीं त्यांचें बोलणें बहुधा गिऱ्हाइकाला नाडण्याच्या कटांतच संपतें, असा इशारा त्यांनींच दिला आहे. आणि न्याय, रस्ते, पूल व गरिबांचें शिक्षण ह्यांचा भार सरकारनें उचलावा, असेंही सांगितलें आहे.

परंतु ज्या वर्षीं इंग्लंडांत हा विजय साजरा झाला, त्याच वर्षीं शेजारच्या आयर्लंडांत ह्या तत्त्वाची दुसरी बाजू दिसून आली. तेथील गरीब शेतकरी केवळ बटाट्यावर जगत असे. १८४५ सालीं त्या पिकावर एक रोग पडला आणि १८४६ सालीं बहुतेक सर्व बटाटा जमिनींतच कुजला. पील ह्यांनीं अमेरिकेंतून मका विकत आणविला होता. पण त्यांच्यामागून आलेल्या मंत्रिमंडळानें आणि कोषागाराचे अधिकारी चार्ल्स ट्रेव्हेल्यन ह्यांनीं असें ठरविलें कीं, सरकारनें धान्याच्या व्यापारांत पडूं नये, व्यापारी आपण होऊन धान्य आणतील. भाव चढले, उदारमताच्या सिद्धांताप्रमाणें धान्य आयर्लंडकडे धांवत यावयास हवें होतें. परंतु आयर्लंडच्या शेतकऱ्याजवळ तें विकत घेण्यास पैसाच नव्हता. म्हणून दुष्काळ चालू असतांनाही आयर्लंडांतून धान्य व जनावरें बाहेर जात राहिलीं. १८४७ सालच्या उन्हाळ्यांत सरकारनें शेवटीं अन्नछत्रें काढलीं आणि त्यांत दररोज तीस लाखांपर्यंत माणसें जेवूं लागलीं. म्हणजे मनांत आणलें तर तें शक्य होतें. पण तीं अन्नछत्रें लवकरच बंद करण्यांत आलीं. त्या कांहीं वर्षांत सुमारें दहा लाख माणसें मेलीं आणि आणखी तितकींच किंवा अधिक देश सोडून गेलीं.

ह्यावरून एक गोष्ट ध्यानांत येते. भाव हा निरोप्या खरा. पण तो ज्याच्या हातांत पैसा आहे त्याचाच निरोप घेऊन जातो. ज्याच्या पोटांत भूक आहे आणि खिशांत कांहीं नाहीं, त्याची हांक त्याला ऐकूं येत नाहीं. बाजाराच्या भाषेंत तशा माणसाला मागणीच नसते.

हिंदुस्थानांत हाच धडा एकाच अधिकाऱ्याच्या हातून दोन निरनिराळ्या रीतींनीं गिरविला गेला. १८७३-७४ सालीं बिहारांत पीक बुडालें, तेव्हां सर रिचर्ड टेंपल ह्यांच्या देखरेखीखालीं सरकारनें ब्रह्मदेशांतून लाखों टन तांदूळ आणून वांटला. उपासमारीनें मरणाऱ्यांची संख्या अगदीं अल्प राहिली. पण खर्च फार झाला आणि व्यापारांत नसती ढवळाढवळ केली, म्हणून टेंपलसाहेबांवर टीकेचा भडिमार झाला. पुढें १८७६-७८ सालीं मद्रास व मुंबई इलाख्यांत, म्हैसुरांत व निजामच्या मुलखांत भीषण दुष्काळ पडला. तेव्हां तेच टेंपल काटकसरीचा हुकूम घेऊन आले. दुष्काळी कामावरच्या मजुराला दररोज जेमतेम एक पौंड धान्य व वर थोडी चिल्लर, एवढीच मजुरी पुरे, असें त्यांनीं ठरविलें. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉक्टर कॉर्निश ह्यांनीं, एवढ्यावर कष्ट करणारा मनुष्य जगणार नाहीं, असें परोपरीनें सांगितलें. त्या दुष्काळांत पन्नास लाखांहून अधिक माणसें दगावलीं; आणि त्याच काळांत बंदरांतून धान्य परदेशीं जात होतें. बिहारमध्यें माणसें वांचविल्याबद्दल ज्याला दोष मिळाला, त्यानेंच पुढें हात आंखडला; तत्त्वाचा हट्ट माणसाकडून काय करवितो, हें येथें स्पष्ट दिसतें.

त्या दिवसांत पुण्याची सार्वजनिक सभा स्वस्थ बसली नव्हती. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, आणि न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे ह्यांच्या प्रेरणेनें सभेनें गांवोगांवची माहिती गोळा करून सरकारपुढें मांडली. १८८० सालच्या दुष्काळ कमिशननें एक मधला मार्ग सुचविला, व त्यावरूनच पुढें दुष्काळासंबंधीचे नियम तयार झाले. व्यापाराला हात लावूं नये. परंतु उपाशी माणसाला काम व मजुरी देणें हें सरकारचें कर्तव्य समजावें, असा त्याचा आशय होता. हे नियम इंग्रजींत होते. १८९६ सालच्या दुष्काळांत लोकमान्य टिळकांनीं व सभेच्या कार्यकर्त्यांनीं ते मराठींत रयतेला समजावून सांगितले, तेव्हां सरकारला तें रुचलें नाहीं आणि सभेची मान्यता काढून घेण्यांत आली. नियम कागदावर असणें आणि तो मागण्याची सोय असणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

रानड्यांनीं १८९२ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत हिंदी अर्थशास्त्रावर जें व्याख्यान दिलें, तें ह्या अनुभवांतूनच पिकलेलें होतें. अर्थशास्त्राचे नियम गुरुत्वाकर्षणाच्या नियमासारखे सर्व काळीं व सर्व देशीं सारखे लागू पडत नाहींत, असा त्यांचा मुद्दा होता. मजूर हवा तेथें जाऊं शकतो, भांडवल हवें तेथें वळतें, प्रत्येकजण आपलें हित जाणतो, हीं इंग्रज ग्रंथकारांचीं गृहीतें रूढींनीं व दारिद्र्यानें जखडलेल्या देशांत खरीं ठरत नाहींत. म्हणून तेथें सरकारनें उद्योगाला हात दिला पाहिजे, असें ते म्हणत. रानडे स्वतः उदारमतवादीच होते. आपल्याच मताची मर्यादा ओळखणें ह्याला आम्ही खरें पांडित्य म्हणतों.

बाजार गरिबाचें ऐकत नाहीं, तर बाजारच मोडून टाकावा, असें साम्यवाद्यांनीं ठरविलें. रशियांत १९१७ सालीं क्रांति झाली. शहरांना व सैन्याला पोसण्यासाठीं नव्या सरकारनें शेतकऱ्याजवळचें धान्य सक्तीनें उचलण्यास आरंभ केला. शेतकऱ्यानें विचार केला, 'जास्त पिकविलें तें नेणारच आहेत, मग पिकवूं कशाला?' पेरा घटला, त्यांत अवर्षण आलें आणि १९२१ सालीं मोठा दुष्काळ पडला. तेव्हां लेनिननीं माघार घेतली. ठराविक कर द्यावा आणि उरलेलें धान्य शेतकऱ्यानें बाजारांत विकावें, अशी मुभा दिली. आणि शेती पुन्हां सांवरली. परंतु १९२९ पासून स्टालिननीं ती मुभा काढून घेतली व सर्व शेतें सामुदायिक केलीं. किती धान्य यावें हें मास्कोंत ठरूं लागलें. तितकें आलें नाहीं तर शेतकऱ्यानें लपविलें असें समजून घरें झडतीं जाऊं लागलीं. १९३२-३३ सालीं युक्रेन, कझाकस्तान व इतर भागांत पन्नास लाखांहून अधिक माणसें मेलीं. आणि तेव्हांही धान्याची निर्यात चालूच होती. म्हणजे आयर्लंडांत जें बाजाराच्या नांवानें झालें, तें येथें योजनेच्या नांवानें झालें.

हें चुकलें कोठें? लुड्विग फॉन मीझेस ह्यांनीं १९२० सालींच असें लिहून ठेविलें होतें कीं, खरा बाजारच नाहीं तर खरे भावही नाहींत. आणि भाव नाहींत तर कोणती वस्तु दुर्मिळ व कोणती मुबलक, हें सरकारला कळणार तरी कसें? परंतु आमच्या मतें ह्याहून मोठें कारण निराळेंच होतें. गॅरेथ जोन्स नांवाच्या तरुण वेल्श पत्रकारानें मार्च १९३३ मध्यें युक्रेनच्या खेड्यांतून पायीं फिरून तेथील उपासमार जगाला सांगितली; पण रशियाच्या आंत ती छापण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती.

चीनमध्यें १९५८ सालीं शेतें व स्वयंपाकघरेंही सामुदायिक करण्यांत आलीं, तेव्हां हीच कथा अधिक मोठ्या प्रमाणावर घडली. वरिष्ठांना खूष करण्यासाठीं प्रत्येक अधिकारी पीक फुगवून कळवूं लागला आणि त्या खोट्या आंकड्यांवरून खरें धान्य उचललें गेलें. १९५९ सालीं संरक्षणमंत्री पेंग देहुआइ ह्यांनीं माओंना पत्र लिहून सावध केलें. बक्षीस म्हणून त्यांचें पद गेलें. त्या दुष्काळांत मेलेल्यांची संख्या निरनिराळे अभ्यासक दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत धरतात. पुढें १९७८ सालच्या हिंवाळ्यांत आन्ह्वे प्रांतांतील श्याओगांग ह्या खेड्यांतल्या अठरा शेतकऱ्यांनीं गुप्तपणें एका कागदावर अंगठे उठविले. प्रत्येक कुटुंबानें आपापला तुकडा कसावा, सरकारचा हिस्सा भरावा आणि उरेल तें स्वतः ठेवावें. ह्यापायीं कोणी तुरुंगांत गेला तर त्याचीं मुलें इतरांनीं वाढवावींत, असा तो करार होता. पुढच्याच हंगामांत पीक कितीतरी पटींनीं वाढलें, आणि नव्या राज्यकर्त्यांनीं ती रीत देशभर चालूं दिली.

कडव्या राष्ट्रवादाविषयीं थोडक्यांतच सांगतों. इटलींत मुसोलिनीनें १९२५ सालीं गव्हाची लढाई पुकारली. परदेशी गव्हावर भारी जकात बसविली. देशांत गहू वाढला, मिरवणुका निघाल्या. पण जैतून, फळें व गुरचरण ह्यांची जमीन गव्हाखालीं गेली आणि गरिबाची भाकर महागच राहिली. राष्ट्राचा मान वाढला असेल. पोट मात्र मानानें भरत नाहीं.

सहकाराची गोष्ट ह्याहून सौम्य आहे. १८४४ सालीं इंग्लंडांत रॉचडेल येथें अठ्ठावीस जणांनीं, त्यांत बरेच विणकर होते, थोडथोडे पैसे जमवून एक दुकान काढलें. पीठ, ओट, लोणी, साखर असे मोजके जिन्नस त्यांत होते. माल भेसळीवांचून, माप खरें, आणि नफा गिऱ्हाइकालाच त्याच्या खरेदीच्या प्रमाणांत परत, असे त्यांचे नियम. त्यांनीं बाजार मोडला नाहीं; बाजारांत दुबळ्यांची एक फळी उभी केली. आपल्या तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांत प्रवरेच्या कांठीं विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ व वैकुंठभाई मेहता ह्यांनीं सहकारी साखर कारखाना उभा केला, तो ह्याच वाटेनें. सहकार सभासदांच्या जागरूकतेवर जगतो. सभासद झोंपले कीं तोही चार माणसांची मिरास होतो. गांधीजींचा विश्वस्ततेचा विचार तर ह्याहून उंच आहे; परंतु तो ज्याच्या त्याच्या सद्सद्विवेकावर सोंपविलेला असल्यामुळें, दुष्काळांत भुकेल्यानें कोणाचा दरवाजा ठोठवावा, हें त्यांत ठरलेलें नसतें.

१९४३ सालचा बंगालचा दुष्काळ पाहिला म्हणजे ह्या सर्व चर्चेचें मर्म हातीं येतें. युद्धाचा काळ, ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झालेला, प्रांताप्रांतांनीं आपापलें धान्य अडविलेलें. मार्चमध्यें बंगाल सरकारनें भावावरील नियंत्रण उठविलें आणि भाव भडकले. कलकत्त्यांतील युद्धोपयोगी कारखान्यांच्या कामगारांना सरकारमार्फत धान्य मिळत होतें. मेले ते मुख्यतः खेड्यांतले शेतमजूर, कोळी व नावाडी. सारे मिळून वीस ते तीस लाख. ऑगस्टांत कलकत्त्याच्या 'स्टेट्समन' पत्राचे संपादक इयान स्टीफन्स ह्यांनीं रस्त्यांवरील भुकेल्यांचीं छायाचित्रें छापलीं, तेव्हां कोठें दिल्लीला व लंडनला जाग आली. तो दुष्काळ लहानपणीं डोळ्यांनीं पाहिलेले अमर्त्य सेन ह्यांनीं १९८१ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखवून दिलें कीं, धान्य देशांत असूनही माणसें मरतात. कारण तें मिळविण्याचें साधन त्यांच्या हातीं नसतें. आणि जेथें वृत्तपत्रें स्वतंत्र आहेत व राज्यकर्त्यांना निवडणुकीला तोंड द्यावें लागतें, तेथें मोठा दुष्काळबळी होत नाहीं, हेंही त्यांनीं पुढें सांगितलें.

त्याच १९४३ सालीं मुंबईंत धान्याचें रेशनिंग सुरू झालें. स्वातंत्र्यानंतर गांधीजींच्या आग्रहावरून डिसेंबर १९४७ मध्यें नियंत्रणें सैल करण्यास आरंभ झाला; भाव भडकले व १९४८ सालीं तीं पुन्हां बसवावीं लागलीं. पुढें १९५२ सालीं अन्नमंत्री झालेले रफी अहमद किडवाई ह्यांनीं तीं हळूहळू काढून १९५४ पर्यंत जवळजवळ संपविलीं. पिकानें साथ दिली आणि ह्या वेळीं भाव उतरले. औषध एकच, एकदां अपाय झाला, एकदां गुण आला. रोग्याची नाडी न पाहतां औषध देणारा वैद्य जसा, तसाच काळवेळ न पाहतां तत्त्व लावणारा राजकारणी.

१९७२ सालचा महाराष्ट्राचा दुष्काळ तुमच्या आजीआजोबांना आठवत असेल. तांबडा मिलो आणि सुकडी हे शब्द त्यांच्या तोंडून तुम्हीं ऐकलेच असतील. शेतें करपलीं होतीं. परंतु सरकारनें खडी फोडण्याचीं, पाझर तलावांचीं व रस्त्यांचीं कामें काढलीं, आणि १९७३ च्या उन्हाळ्यांत सुमारें पन्नास लाख माणसें त्यांवर होतीं. हातांत मजुरी आली. तिच्यावर कांहीं धान्य सरकारी दुकानांतून व कांहीं बाजारांतून मिळालें. हाल फार झाले, पण १८७७ ची पुनरावृत्ति झाली नाहीं. वि. स. पागे ह्यांच्या कल्पनेंतील रोजगार हमी योजनेला पुढें १९७७ सालीं कायद्याचें रूप मिळालें. येथें बाजार मोडला गेला नाहीं. बाजाराला ज्याचा आवाज ऐकूं येत नव्हता, त्याच्या मुठींत पैसा ठेवून त्याला आवाज दिला गेला.

मात्र सरकारच्या दयेलाही दुसरी बाजू असते, हें आपल्याच शेतकऱ्यांनीं सांगितलें. चाकणच्या कांद्याच्या प्रश्नापासून चळवळीस आरंभ करणारे शरद जोशी ह्यांचें म्हणणें असें होतें कीं, शहराला स्वस्त खाऊं घालण्यासाठीं सरकारच शेतमालाचा भाव दाबून ठेवतें आणि मग गरीब झालेल्या शेतकऱ्याला अनुदानाचे चार तुकडे टाकतें; त्यापेक्षां त्याला बाजार मोकळा करून द्यावा. उदारमताचें हें मराठी रूप होय. डिसेंबर २०२३ मध्यें केंद्र सरकारनें कांद्याची निर्यात बंद केली. ती मे २०२४ मध्यें उठली. त्या पांच महिन्यांत शहरच्या आईला जो दिलासा हवा होता, त्याचा भार नाशिकच्या शेतकऱ्यानें उचलला. दिलासा देणें हें पाप नव्हे. पण त्याचें बिल कोणाच्या नांवें फाडलें, हें विचारलें पाहिजे.

वाचकहो, आम्हीं येथें कोणत्याही पक्षाचा झेंडा हातीं घेतलेला नाहीं. आमचें सांगणें एवढेंच कीं, उद्यां कोणी तुमच्यापुढें एखादें मोठ्या नांवाचें मत घेऊन आला, तर त्याला तीन साधे प्रश्न विचारा. तुमच्या योजनेंत भावाचा खरा निरोप पोंचतो कीं मध्येंच अडतो? ज्याच्या मुठींत पैसा नाहीं, त्याची भूक तुम्हांला कळणार कशी? आणि तुमचें चुकलें, तर तसें निर्भयपणें सांगण्याची मोकळीक कोणाला आहे कीं नाहीं? पहिल्या प्रश्नाला उदारमताचें उत्तर सर्वांत चांगलें आहे. दुसऱ्या प्रश्नापाशीं तें अडखळतें. समाजसत्तावादाचा जन्म दुसऱ्या प्रश्नांतूनच झाला. परंतु जेथें तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर 'नाहीं' असें होतें, तेथें तो सर्वांत घातक ठरला. तिन्ही प्रश्नांना सामोरें जाईल असें एकच एक मत आम्हांला तरी सांपडलेलें नाहीं. मात्र तिसरा प्रश्न जिवंत असेल, तर पहिल्या दोहोंतल्या चुका लवकर उघड होतात आणि त्या सुधारतां येतात.

आणि विद्यार्थिमित्रहो, पुढच्या बाजाराच्या दिवशीं आईबरोबर जाल, तेव्हां भाजीवाल्या मावशीला अदबीनें विचारा, हा माल कोठून आला, आणि पिकविणाऱ्याच्या हातीं त्यांतले किती रुपये पडले असतील? घरीं आल्यावर तें वहींत टिपून ठेवा. मोठमोठ्या ग्रंथांचा अभ्यास पुढें होईलच. आरंभ करण्यास तेवढें पान पुरेसें आहे.